बटण दाबलं की इंजिन सुरू होतं, पण विमान परत येतं का? टर्बाइनवर उडणारं आरसी जेट बनतं कसं

रील स्क्रोल करताना एखादं लढाऊ विमान धावपट्टीवरून सुसाट निघतं, कानात घुसणारी शिट्टी ऐकू येते आणि कॅमेरा मागे आला की कळतं, विमान जेमतेम दोन मीटरचं आहे. ते उडवणारा माणूस गळ्यात ट्रान्समीटर अडकवून कडेला उभा आहे. खाली कमेंट्समध्ये दोन प्रश्न ठरलेले असतात. "हे खरं जेट इंजिन आहे का?" आणि "कितीला मिळतं?"

पहिल्याचं उत्तर बरेचदा 'नाही' असं असतं. रील्समधली अनेक छोटी जेट्स बॅटरीवर चालतात. त्यांच्या पोटात इलेक्ट्रिक मोटर आणि नळीत बसवलेला बहुपाती पंखा असतो. त्याला ईडीएफ म्हणतात. पण शेपटीमागची हवा उन्हातल्या डांबरी रस्त्यासारखी थरथरताना दिसली आणि विमान उडायच्या आधी कुणीतरी अग्निशामक घेऊन शेजारी उभं असलं, तर ते खरं टर्बाइन समजा. प्रवासी विमानाचं इंजिन ज्या तत्त्वावर चालतं, त्याच तत्त्वावर हेही चालतं. फक्त आकार पाण्याच्या बाटलीएवढा.

दुसऱ्याचं उत्तर: सुमारे १० किलो रेटा देणारं नुसतं टर्बाइनच साधारण दोन ते तीन हजार अमेरिकन डॉलरच्या घरात जातं. विमानाचा सांगाडा, सर्वो, चाकं, रेडिओ हे सगळं वेगळं. आणि एवढे पैसे ओतूनही विमान पहिल्याच उड्डाणात जमिनीत घुसू शकतं. तेही इंजिन खराब नसताना.

बाटलीएवढ्या इंजिनात काय घडतं?

जर्मनीच्या जेटकॅट कंपनीचं पी-१००-आरएक्स हे या छंदातलं बरंच परिचित इंजिन. वजन साधारण १ किलो, व्यास १० सेंटिमीटरच्या आत. रेटा १०० न्यूटन, म्हणजे सुमारे १० किलो वजन उचलू शकेल इतका. पूर्ण ताकदीवर त्याचा रोटर मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला अडीच हजार. मागून बाहेर पडणारा वायू ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो आणि ताशी दीड हजार किलोमीटरच्या वेगाने निघतो.

आतली रचना मात्र सुटसुटीत आहे. पुढचं कॉम्प्रेसर चाक हवा ओढून दाबतं. ती हवा कड्यासारख्या ज्वलनकक्षात जाते आणि तिथे इंधन जळतं. तापून फुगलेला वायू मागच्या टर्बाइन चाकाला फिरवत बाहेर पडतो. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असल्यामुळे मागचं फिरलं की पुढचंही फिरतं.

इंधन म्हणजे केरोसीन, आपलं रॉकेलच म्हणा ना. स्टोव्ह बघितलेल्या पिढीला या विमानांच्या मैदानावरचा वास लगेच ओळखता येईल. त्यात साधारण ५ टक्के टर्बाइन ऑइल मिसळतात, २० लिटरला १ लिटर. कारण या इंजिनात तेलाची वेगळी टाकी नसते. तेल मिसळलेल्या इंधनाचाच एक छोटा वाटा बेअरिंगकडे वळवला जातो. तेल टाकायला विसरलं, तर दीड लाख फेऱ्यांवर कोरडी बेअरिंग काय करेल याची कल्पना करायला इंजिनिअर असावं लागत नाही.

प्लायवुडच्या चाकापासून सुरुवात

१९८३ मध्ये ब्रिटनमधल्या हौशी मंडळींनी टर्बाइनवर मॉडेल विमान उडवून दाखवलं. पण ही गोष्ट घरच्या वर्कशॉपमध्ये आणली ती जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांनी, १९८० च्या दशकाच्या अखेरीस. त्यांच्या एफडी-३ इंजिनातलं कॉम्प्रेसर चाक प्लायवुडचं होतं, वरून कार्बन फायबरने आवळलेलं. पुढे त्यांनी यावर पुस्तक लिहिलं आणि जगभरच्या हौशी लोकांनी ते समोर ठेवून लेथवर इंजिनं कातली. नंतर आलेल्या केजे-६६ या डिझाइनमध्ये तर मोटारीच्या टर्बोचार्जरचं तयार चाक वापरलं गेलं.

आज ही इंजिनं तयार मिळतात आणि ती फक्त खेळण्यापुरती राहिलेली नाहीत. पाठीवर पंख बांधून २००८ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या स्वित्झर्लंडच्या इव्ह रॉसी यांच्या पंखाखाली जेटकॅटचीच चार इंजिनं होती.

मग अवघड काय आहे? विमान

इंजिन सुरू करणं आता सोपं आहे. ट्रान्समीटरवरून आदेश दिला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा छोटा संगणक, बाकीचं बघतो. इलेक्ट्रिक स्टार्टर रोटर फिरवतो, इग्नायटर तापतो, थोडं इंधन सुटतं, तापमान वाढलं की आग लागल्याची खात्री होते आणि मग हळूहळू इंधन वाढवत इंजिन आयडलला येतं. साधारण मिनिटभराचं काम.

त्या मिनिटाआधी वर्कशॉपमध्ये काही आठवडे गेलेले असतात. बहुतेक जण विमान शून्यापासून बनवत नाहीत. फायबर किंवा लाकडाचा जवळजवळ तयार सांगाडा घेतात. पण 'जवळजवळ' या शब्दात बरंच काही लपलेलं आहे.

सगळ्यात जास्त डोकेदुखी इंधनाच्या नळ्यांची. पिस्टन इंजिनात हवेचा एखादा बुडबुडा गेला, तर ते खोकतं आणि पुन्हा चालू लागतं. टर्बाइनमध्ये बुडबुडा गेला की ज्योत विझते. याला फ्लेमआउट म्हणतात. हवेत ते पुन्हा पेटेलच याचा भरवसा नसतो. म्हणजे १० किलोचं विमान आता ग्लायडर झालं, तेही आखूड पंखांचं.

म्हणून मुख्य टाकी आणि पंप यांच्यामध्ये एक छोटी टाकी बसवतात, एअर ट्रॅप. ती नेहमी काठोकाठ भरलेली असते. मुख्य टाकीकडून हवा आलीच तर ती इथे अडकते आणि पंपाला फक्त इंधन जातं. या टाकीत बुडबुडा दिसला की अनुभवी माणूस उड्डाण रद्द करतो आणि गळती शोधतो. पंपाच्या ओढणाऱ्या बाजूची गळती फसवी असते. तिथून इंधन बाहेर येत नाही, हवा आत शिरते. त्यामुळे खाली डाग पडत नाही आणि सगळं ठीक वाटतं.

अजून एक साधी चूक म्हणजे टाकीची हवा आत येण्याची नळी बंद राहणं. वाहतुकीत इंधन सांडू नये म्हणून तिला बूच लावतात. ते काढायला विसरलं, तर पंप इंधन ओढत राहतो, आत हवा येत नाही आणि टाकी पिळलेल्या प्लास्टिकच्या बाटलीसारखी चिपकते. म्हणूनच त्या बुचाला लाल रिबन बांधलेली असते.

टर्बाइनमागे असलेला धातूचा लांब पाइप हे दुसरं प्रकरण. गरम वायू त्यातून शेपटीपर्यंत जातो. तापला की तो लांब होतो. त्यामुळे पाइप पुढच्या टोकाला पक्का बसवतात आणि मागचं टोक मोकळं ठेवतात. दोन्हीकडे आवळला तर वाकतो नाहीतर सांगाडा तरी तडकवतो. इंजिनची मध्यरेषा आणि पाइपची मध्यरेषा जुळली नाही, तर गरम झोत एका बाजूला घासतो. फायबरच्या विमानात त्याचा परिणाम आधी वासाने कळतो, मग धुराने.

कार्बन फायबरचा सांगाडा मजबूत असतो, पण तो रेडिओ लहरी अडवतो. त्यामुळे रिसीव्हरच्या अँटेना कुठे ठेवायच्या हे आधीच ठरवावं लागतं. उडवण्याआधी ट्रान्समीटरची ताकद मुद्दाम कमी करून दूर चालत जातात आणि सगळे भाग हलतात का बघतात. ही चाचणी इंजिन बंद असताना एकदा आणि चालू असताना एकदा.

एक चतुर्थांश वजन जळून जातं

इथे थोडं गणित. पी-१००-आरएक्स पूर्ण ताकदीवर मिनिटाला सुमारे ३९० मिलिलिटर इंधन पितं. ३ लिटरची टाकी सतत फुल थ्रॉटल ठेवली तर आठ मिनिटांच्या आत रिकामी. म्हणून ट्रान्समीटरवर सहा-सात मिनिटांचा टायमर लावतात. तो वाजला की उतरायचं, चर्चा नाही.

३ लिटर केरोसीनचं वजन साधारण २.४ किलो. रिकामं विमान १० किलोचं असेल, तर त्याच्या जवळपास एक चतुर्थांश वजन उडतानाच जळून जातं. ही टाकी गुरुत्वमध्यापासून दूर बसवली, तर उडताना विमानाचा तोल बदलत जाईल आणि शेवटी, उतरायच्या वेळी, तो सगळ्यात बिघडलेला असेल. म्हणून टाकी शक्य तितकी गुरुत्वमध्याजवळ बसवतात. आणि तोल तपासताना मुख्य टाकी रिकामी, एअर ट्रॅप भरलेला आणि चाकं बाहेर, अशा अवस्थेत तपासतात. शेपूट जड झालेलं विमान कसंही वळतं. नाक थोडं जड असेल तर उडवायला कंटाळवाणं वाटतं, पण ते घरी येतं.

उतरताना इंजिन उशिरा ऐकतं

प्रॉपेलरच्या विमानात थ्रॉटल कमी केलं की फिरता पंखाच ब्रेकसारखं काम करतो. टर्बाइन आयडललाही विमानाला थोडं पुढे ढकलतच असतं. त्यामुळे जेट हवेत घसरगुंडीसारखं जात राहतं. त्याला थांबवायला मोठे फ्लॅप आणि चाकांना ब्रेक लागतात.

त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे उशीर. आयडलपासून पूर्ण ताकदीपर्यंत पोहोचायला टर्बाइनला काही सेकंद लागतात. समजा विमान ताशी १०० किमीने उतरतंय आणि वैमानिकाच्या लक्षात आलं की ते धावपट्टीच्या अलीकडेच पडणार. त्याने थ्रॉटल पुढे ढकललं आणि इंजिनला तीन सेकंद लागले. तेवढ्यात विमान ८० मीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं. म्हणून जाणते लोक उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद करत नाहीत, थोडं वर ठेवतात, म्हणजे इंजिन जागं राहतं.

सुरू करताना कुणी कुठे उभं राहायचं?

विमानाचं नाक वाऱ्याकडे. मागे कुणी नाही. टर्बाइन चाकाच्या रेषेत बाजूलाही कुणी नाही, कारण चाक फुटलं तर तुकडे त्याच रेषेत उडतात. आधीच्या फसलेल्या प्रयत्नात आत इंधन साचलं असेल तर पुढच्या वेळी शेपटीतून मोठी ज्वाळा येते. तेव्हा हवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक. पावडरचा मारला तर आग विझेल, पण इंजिनाची पूर्ण साफसफाई ठरलेली.

बंद करतानाही घाई चालत नाही. इंधन थांबल्यावर ईसीयू स्टार्टरने रोटर थोडा थोडा फिरवत राहतो, आतली उष्णता बाहेर काढायला. तेव्हाच बॅटरी काढली तर ती उष्णता बेअरिंगमध्ये शिरते.

हे 'खेळणं' किती जोरात आदळतं?

भरलेलं १२ किलोचं जेट ताशी २५० किमीने जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा स्वारासकट २०० किलोच्या, ताशी ६० किमीने धावणाऱ्या बाइकइतकी होते. वरून आत केरोसीन आणि लिथियम बॅटऱ्या. विक्रमी विमानं तर याच्या फारच पुढे आहेत. जर्मनीच्या नील्स हर्ब्रिख यांच्या 'इन्फर्नो' या आरसी जेटने २०१७ मध्ये ताशी ७४९.२२१ किमी वेग गाठला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली.

म्हणूनच अमेरिकेत एएमए ही मॉडेल विमानांची संघटना तिच्या सदस्यांना टर्बाइन उडवण्यासाठी वेगळी मंजुरी घ्यायला लावते. वैमानिकाला आधी उडवून दाखवावं लागतं आणि वेगाला ताशी २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२० किमीची मर्यादा असते. रेडिओचा सिग्नल तुटला तर काय करायचं हे विमानाला आधीच शिकवलेलं असतं. टर्बाइनच्या बाबतीत ते असतं 'इंजिन बंद'. विमान गेलं तरी चालेल, ते फुल थ्रॉटलवर वस्तीकडे जायला नको.

भारतात असं विमान ड्रोन नियम २०२१ च्या कक्षेत येतं. एकूण वजन २५ किलोपर्यंत, वापर शिक्षण, संशोधन, डिझाइन, चाचणी किंवा मनोरंजनापुरता आणि विमान कायम नजरेच्या टप्प्यात, या अटी पाळल्या तर ते 'मॉडेल' गटात मोडतं आणि त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण कुठे उडवायचं याचे नियम त्यालाही लागू आहेत. हिरव्या झोनमध्ये पूर्वपरवानगी लागत नाही, पण तिथे उंचीची मर्यादा १२० मीटर आहे आणि त्यावरची हवा पिवळ्या झोनमध्ये मोजतात. विमानतळांच्या आसपास तर ही मर्यादा आणखी खाली येते. ताशी २५० किमीने नाक सरळ वर केलेलं जेट १२० मीटर दोन सेकंदांच्या आत पार करतं. म्हणजे रीलमध्ये दिसणारी ती उंच लूप, परवानगी नसेल तर, अर्ध्या वाटेतच नियमाबाहेर गेलेली असते.