तुळशीपत्र आणि हक्कसोडपत्र

अन्नपूर्णेच्या छायेत इंदुरी नांदणाऱ्या महाजन कुटुंबांस ‘तुळशीपत्र ठेवणे’ म्हणजे काय, हे सांगावयास नको. १७६७ मध्ये राज्यकारभार हाती घेतल्यावर पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी होळकरांच्या खासगी दौलतीवर तुळशीपत्र ठेवून ती धर्मकार्यास वाहिली, अशी परंपरा आहे. त्या देवस्थानांच्या व्यवस्थेसाठी १९६२ मध्ये खासगी ट्रस्ट झाला. पुढे मिळकतींच्या विक्रीवरून वाद उपस्थित झाला आणि या न्यासाचीही सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी आवश्यक, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला.

मग आपल्या घरची गोष्ट काय! वडिलोपार्जित वास्तूतील हिस्सा भावास सोडावयाचा, तर तोंडी शब्द पुरत नाही. चतुःसीमेसह हक्कसोडपत्र मुद्रांकावर लिहून, सही झाल्यापासून चार महिन्यांत निबंधक कचेरीत नोंदणीस दाखल करावे. सोडणाऱ्याचे पुण्य व घेणाऱ्याची निश्चिंती, दोन्ही त्यानेच राखली जातात.