मुंबईंतील तीन साक्षीदार

एका दिवसाकरितां मुंबईस आलेल्या प्रवाशानें सकाळीं प्रथम भायखळ्यास जावें. राणीच्या बागेजवळ १८७२ सालीं उघडलेलें पदार्थसंग्रहालय १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जातें. त्याच्या बाहेर घारापुरीचा पाषाणी हत्ती उभा आहे. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनीं त्या बेटास नांव दिलें. आजचें ‘एलिफंटा’ तें हेंच. १८६४ सालीं हत्तीस विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. परंतु उचलतांना यारी मोडली, हत्ती भंगला आणि येथेंच राहिला. १९१४ सालीं त्याचे तुकडे सांधण्यांत आले.

दुपारीं दक्षिणेस काळा घोडा भागांतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहावें. त्याची कोनशिला १९०५ सालीं तत्कालीन ब्रिटिश युवराजांच्या हस्तें बसविण्यांत आली. इमारत १९१४ सालीं पुरी झाली. पण महायुद्ध पेटलें आणि मूर्ति-चित्रांऐवजीं तेथें प्रथम लष्करी इस्पितळ आलें. संग्रहालय म्हणून तिचें दार १९२२ सालीं उघडलें.

तेथून सायंकाळीं पायींच अपोलो बंदर गांठावें. तेच युवराज १९११ सालीं बादशहा होऊन या धक्क्यावर उतरले. त्या आगमनाचें स्मारक म्हणून योजिलेली ‘गेटवे’ची कमान त्या वेळीं उभीच नव्हती, तिचें उद्घाटन १९२४ सालीं झालें. पुढें २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं हिंदुस्थानांतील ब्रिटिश सैन्याची शेवटची पलटण तिच्याचखालून मार्गस्थ झाली. स्वागताची कमान निरोपाची ठरली. हत्तीस नेऊं पाहणारे गेले. हत्ती मात्र मुंबईंतच आहे.