मुक्तस्रोत आरोग्यप्रणालींचे मराठीकरण : संयोजनविचार

प्रथम संज्ञा निश्चित करणे आवश्यक आहे. ‘प्रणाली’ या शब्दाने येथे रुग्णनोंदणी, तपासणी, औषधयोजना व प्रयोगशाळा यांच्या नोंदी ठेवणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर अभिप्रेत आहे. 2004 मध्ये सुरू झालेले ओपनएमआरएस आणि त्याच्या पायावर छत्तीसगडमधील गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयासाठी थॉटवर्क्सने उभारलेले ‘बाह्मनी’ ही तिची उदाहरणे. पडद्यावर दिसणाऱ्या मजकुराच्या प्रत्येक स्वतंत्र घटकाला अनुवादक ‘स्ट्रिंग’ म्हणतात. तीच संज्ञा येथे स्वीकारली आहे. या स्ट्रिंगांचे स्वयंसेवकांत वाटप करणे, त्यांचे मराठी रूप तपासणे आणि त्याला मान्यता देणे, या तीन क्रिया मिळून ‘संयोजन’ होते.

वाटपाचा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. ओपनएमआरएसचे अनुवाद ट्रान्सिफेक्स या सामाईक व्यासपीठावर होतात. नाशिकरोडचा विद्यार्थी आणि परदेशातील मराठी डॉक्टर एकाच यादीवर काम करू शकतात. संयोजनाची कसोटी मान्यतेत आहे. कोणत्या स्ट्रिंगला मान्यता देण्याचा अधिकार कोणाचा, हे चुकीच्या अनुवादाने होणाऱ्या हानीवरून ठरले पाहिजे.

हानीच्या दृष्टीने स्ट्रिंगांचे तीन वर्ग पडतात. पहिला कार्यवाहीचा : ‘जतन करा’, ‘नवा केसपेपर’. येथे चूक झाल्यास वेळ जातो, इजा होत नाही. भाषेचा जाणकार पुरेसा. दुसरा चिकित्सेचा : मात्रा, ॲलर्जी, धोक्याची सूचना. येथे डॉक्टर, सिस्टर किंवा औषधनिर्माता यांपैकी एकाच्या संमतीखेरीज मान्यता देऊ नये. तिसरा रुग्णाच्या हाती पडणाऱ्या छापील सूचनांचा; त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

दुसऱ्या वर्गात अडचण शब्दांपेक्षा व्याकरणाची अधिक असते. मूळ स्ट्रिंगमध्ये रिकामी जागा असते आणि प्रणाली तीत नाव भरते. ‘— जतन झाले’ हा साचा औषधाला चालतो. पण नोंद जतन होते ती ‘झाली’ आणि अहवाल ‘झाला’. सामान्यरूपाने गुंता वाढतो. ‘— साठी औषध’ या साच्यात ‘ताप’ भरल्यास ‘तापासाठी’ हवे, ‘खोकला’ भरल्यास ‘खोकल्यासाठी’, ‘कावीळ’ भरल्यास ‘काविळीसाठी’. प्रणाली मात्र ‘खोकला साठी’ एवढेच छापते. प्रत्येक स्वयंसेवकाने यावर वेगळा तोडगा काढला तर एकाच पडद्यावर चार प्रकारचे मराठी दिसते. म्हणून अशा जागी वाक्य न करता ‘आजार : खोकला’, ‘नोंदीची स्थिती : जतन’ अशी मांडणी करावी, हा नियम अनुवादाला आरंभ होण्यापूर्वीच लिहून द्यावा लागतो.

अंकांचा नियम त्याहून कठोर हवा. देवनागरी १ घाईत 9 वाचला जाऊ शकतो, आणि औषधाच्या मात्रेत हा फरक नऊपट आहे. पडदा, चिठ्ठी आणि प्रयोगशाळेचा अहवाल यांत एकच अंकलिपी असावी. औषधाच्या वेष्टनावर जी असते तीच, म्हणजे आंतरराष्ट्रीय. ‘मायक्रोग्रॅम’ हा शब्द कधीही संक्षेपाने लिहू नये. भाषाभिमान येथे गैरलागू आहे.

परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचे शरीर, विकृतिशास्त्र व औषधशास्त्र परिभाषा कोश हा पहिला आधार. परंतु कोशातील संज्ञा शास्त्राला पुरते, बाह्यरुग्ण विभागात पुरतेच असे नाही. नाशिकला या बाबतीत दुर्मीळ अनुकूलता आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून येथे आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 चे. दिंडोरीचे डॉ. श्याम अष्टेकर यांनी ‘भारतवैद्यक’द्वारे गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यासाठी मराठी वैद्यकीय भाषा घडवली, ते काम कोणत्याही संयोजकाने प्रथम वाचावे. वैद्यकीय पदवीधर इंग्रजीत शिकतो आणि रुग्णाला मराठीत विचारतो. या दोहोंमधले अंतर रोज पार करणारी व्यक्ती सिस्टर किंवा ‘आशा’ (गावातील आरोग्य स्वयंसेविका) ही असते, आणि संयोजनात तिला बहुधा स्थानच नसते. ही त्रुटी गंभीर आहे.

तिसऱ्या वर्गात ही त्रुटी थेट रुग्णापर्यंत पोहोचते. नाशिक जिल्ह्यातच सुरगाणा-पेठमध्ये कोकणा बोलली जाते, बागलाणात अहिराणी. मालेगावच्या मोठ्या लोकसंख्येची भाषा उर्दू आहे. ‘उपाशीपोटी घ्यावी’ ही सूचना प्रमाण मराठीत अचूक असली, तरी ती आशाने मोठ्याने वाचून दाखवावी आणि ऐकणाऱ्याला ‘गोळी केव्हा घ्याल?’ असे विचारावे. उत्तर बरोबर आले तरच ती स्ट्रिंग मान्य समजावी. केवळ ‘समजले का?’ असे विचारल्यास होकारच मिळतो.

शेवटी कालाचा प्रश्न. प्रणालीची नवी आवृत्ती येते, मूळ इंग्रजी वाक्य बदलते, जुना अनुवाद मात्र तसाच राहतो. गेटटेक्स्ट या अनुवाद-पद्धतीत अशी नोंद ‘फझी’ ठरते आणि पुन्हा तपासली जाईपर्यंत सामान्यतः वापरली जात नाही. पडद्यावर इंग्रजी दिसते. पूर्णत्वाची टक्केवारी वाढवण्यासाठी ‘फझी’ ही खूण सरसकट काढून टाकण्याचा मोह स्वयंसेवी गटांना होतो. पहिल्या वर्गापुरता तो क्षम्य मानता येईल. दुसऱ्या व तिसऱ्या वर्गात ज्याने मूळ मान्यता दिली त्याच अधिकाराच्या व्यक्तीने नवे वाक्य पाहावे. तोवर तेथे इंग्रजीच राहू द्यावे.