पट्टेरी बास : एका प्रवासी माशाचे धनी

बोस्टन येथील विधिमंडळाच्या सभागृहांत एक लांकडी कॉड मासा टांगलेला आहे. मॅसॅच्युसेट्सचें वैभव ज्या माशाच्या जिवावर उभें राहिलें, त्याची ही कृतज्ञ स्मृति १७८४ सालीं तेथें बसविण्यांत आली. आणि पुढें विधिमंडळानें घर बदललें तेव्हां त्या माशासही सन्मानानें नव्या घरीं नेलें. त्याच किनाऱ्यावर नांदणाऱ्या दुसऱ्या एका माशाच्या वांट्यास असें देवपण आलें नाहीं. तथापि मनुष्य आपल्या दारांतील संपत्तीशीं कसा वागतो, याचा अभ्यास ज्यास करावयाचा असेल, त्यास कॉडपेक्षां या दुसऱ्या माशाचीच बखर अधिक उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें.

इंग्रजींत त्याचें नांव ‘स्ट्राइप्ड बास’. त्यास ‘पट्टेवाला’ म्हणावें तर आपल्याकडे कचेरीच्या दारांत स्टुलावर बसलेला शिपाई डोळ्यांपुढें उभा राहतो. म्हणून आम्ही त्यास पट्टेरी बास म्हणूं. रुपेरी अंग, त्यावर कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत गेलेल्या सात-आठ काळ्या रेघा, आणि तीस वर्षांपर्यंत पोंचणारें आयुष्य, असा हा मासा आहे. बंगालच्या हिलशाप्रमाणें हाही अंडीं घालण्यासाठीं समुद्रांतून नदींत शिरतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बहुसंख्य बास मेरीलँड व व्हर्जिनिया या संस्थानांच्या चेसापीक उपसागरास मिळणाऱ्या नद्यांत जन्मतात. हडसन व डेलावेअर या नद्यांचाही त्यांत वांटा आहे. पहिलीं कांहीं वर्षें खाडीच्या आश्रयानें काढल्यावर त्यांतील कित्येक, विशेषतः मोठ्या माद्या, समुद्राची वाट धरतात. उन्हाळ्यांत त्या उत्तरेस पार मेनच्या खडकाळ किनाऱ्यापर्यंत जातात आणि हिंवाळा लागला कीं परत दक्षिणेकडे वळतात. आठ-दहा संस्थानांच्या दारांवरून जाणारा हा वाटसरू कोणाचा? जो तो त्यास आपल्या दारीं येतांना पाहतो, आणि गेल्या वर्षीं आला तसा पुढच्या वर्षींही येईल असें धरून चालतो. या माशाचा सारा इतिहास या एका समजुतीच्या पोटीं जन्मलेला आहे.

ही यात्रा पाहावयाची तर ती परतीची पाहावी. सप्टेंबर सरतां सरतां मेनचें पाणी रिकामें होऊं लागतें. ऑक्टोबरांत थवे केप कॉड ओलांडतात व लाँग आयलंडचें पूर्वेकडील टोंक जें माँटॉक, तेथें १७९६ सालच्या दीपगृहाखालीं गर्दी करतात. नोव्हेंबरांत न्यू जर्सीचे वाळूचे किनारे, आणि डिसेंबरांत चेसापीकच्या मुखाबाहेरील समुद्र. पाण्याची उष्णता पन्नास फॅरनहाइट अंशांच्या आसपास उतरली कीं मागें राहिलेलेही निघतात. हिंवाळ्याच्या तोंडीं अंगावर चरबी चढवून घेण्याची त्यांस घाई असते. वाटेंत हेरिंग, मेनहेडन, आणि वाळूंत दडून राहणारे बोटाएवढे वाळूसर्पासारखे बारीक मासे यांवर ते तुटून पडतात. समुद्रपक्षी वरून सूर मारूं लागले म्हणजे खालीं काय चाललें आहे तें किनाऱ्यावरून ओळखतां येतें.

अशा वेळीं, इतर लोक समुद्राकडे पाठ फिरवून घरांत शेकत बसले असतां, कांहीं माणसें छातीपर्यंत येणारी रबराची विजार चढवून पहांटेच्या काळोखांत लाटांत जाऊन उभीं राहतात. त्यांच्या हातीं लांब लवचीक काठी, दोरास बांधलेली कृत्रिम ‘माशी’, आणि कमरेस एक टोपली. ओढून घेतलेला दोर या टोपलींत गोळा करावयाचा, नाहींतर लाट त्याचा गुंता करते. ‘माशी’ हें नांव गोड्या पाण्यांतील ट्राउटच्या शिकारीवरून आलें आहे. तेथें खरोखरच पाण्यावरील किड्याची नक्कल असते. येथें हरणाच्या शेपटीचे केंस व कोंबड्याचीं पिसें गळावर बांधून लहान माशाचें सोंग केलेलें असतें. म्हणजे ती माशी नव्हे, मासळीच. तिला स्वतःचें वजन जवळजवळ नसतें. जड दोरच काठीच्या झोल्यानें पुढें उलगडत जातो व तिला बरोबर नेतो. म्हणून समोरून वारा असला म्हणजे या कलेची त्रेधा उडते. साध्या गळाचा कोळी जेथवर शिसें भिरकावतो त्याच्या निम्म्यावरही हिची मजल जात नाहीं. त्यांत थंडी इतकी कीं काठीच्या कड्यांत बर्फ धरतो व बोटें जुमानीत नाहींत. गार पाण्यांत मासाही सुस्त होतो. भक्ष्याच्या मागें तो धांवत नाहीं, म्हणून माशी सावकाश, थांबत थांबत ओढावी लागते. आम्ही स्वतः कधीं गळ हातीं धरलेला नाहीं. परंतु हातचीं चांगलीं साधनें टाकून मुद्दाम दुबळें साधन पत्करणाऱ्या या लोकांविषयीं आम्हांस कुतूहल वाटतें, आणि तें केवळ कौतुकाचें नाहीं. त्याचें कारण पुढें येईल.

आरंभीं या माशाशीं कोणी खेळत नव्हतें. प्लिमथच्या वसाहतकारांचें धान्य १६२३ च्या उन्हाळ्यांत सरलें, तेव्हां त्यांच्यापाशीं एक होडी व एक जाळें होतें. पाळीपाळीनें टोळ्या करून त्यांनीं बास धरले व त्यावर दिवस काढले. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनींच, १६३४ सालीं, विल्यम वुड या इंग्रज लेखकानें भरतीच्या वेळीं खाडीचें तोंड जाळ्यानें बंद करून एका खेपेस दोन-तीन हजार बास कोरड्यावर पाडण्याची युक्ति वर्णिली आहे. जठराची आग विझली तेव्हां उरलेले मासे मक्याच्या शेतांत खत म्हणून जाऊं लागले. यावर १६३९ सालीं मॅसॅच्युसेट्स बेच्या वसाहतीनें हुकूम काढला कीं, कॉड व बास यांचा खतासाठीं उपयोग करूं नये. उत्तर अमेरिकेंतील इंग्रजी वसाहतींत निसर्गसंपत्तीच्या रक्षणाचा हा अगदीं पहिल्या कायद्यांपैकीं एक होय. पुढें १६७० सालीं प्लिमथच्या न्यायसभेनें केप कॉड येथील मॅकरेल, बास व हेरिंग यांच्या मासेमारीचें उत्पन्न एका मोफत शाळेस लावून दिलें. आमच्यासारख्या पगारी पंतोजीस हा मासा जवळचा वाटावा, यांत नवल नाहीं!

यानंतर दोन शतकें तो मुकाट्यानें ताटांत पडत राहिला. एकोणिसाव्या शतकांत मात्र त्यास नवे धनी मिळाले. न्यूयॉर्कच्या धनिकांनीं १८६४ सालीं कटीहंक बेटावर मंडळ स्थापिलें. खडकांवरून लाटांपर्यंत लांकडी मचाणें बांधलीं. कोणीं कोणत्या मचाणावर बसावयाचें याच्या आदल्या रात्रीं चिठ्ठ्या टाकीत. आणि गळास लावण्यास झिंग्याच्या जातीचें महागडें लॉब्स्टर! शेजारीं एक नोकर माशांस भुलविण्यासाठीं आमिषाचे तुकडे पाण्यांत टाकीत उभा असे. वसाहतकारांनीं ज्या माशानें उपास मोडला, त्यास आतां त्यांच्या वंशजांपेक्षां चांगलें जेवण मिळूं लागलें. विसाव्या शतकाच्या आरंभास बास दुर्मिळ झाले आणि अशीं मंडळें ओस पडलीं. नियतीचा खेळ असा कीं, त्याच बेटांच्या परिसरांत १९१३ सालीं चार्ल्स चर्च यानें ७३ पौंडांचा बास धरला, आणि १९८१ पर्यंत त्याहून मोठा मासा कोणाच्याही काठीस लागला नाहीं.

मध्यंतरीं एक विलक्षण प्रयोग झाला. लिव्हिंग्स्टन स्टोन या मत्स्यखात्याच्या अधिकाऱ्यानें १८७९ सालीं न्यू जर्सींतील नेव्हसिंक नदींतून धरलेले सुमारें १३० लहान बास रेल्वेनें, पाणी बदलीत व थंड ठेवीत, खंड ओलांडून कॅलिफोर्नियांत नेऊन सोडले. दुसऱ्या खेपेस, १८८२ सालीं, आणखी तीनशेंच्या आसपास गेले. एवढ्या बियाण्यापासून वीस वर्षांत, १८९९ सालीं, तेथें बारा लक्ष पौंडांवर मासा विक्रीस आला. पुढें १९३५ सालीं कॅलिफोर्नियानें बास विकण्यासाठीं धरण्यास बंदी करून तो हौशी लोकांस राखून ठेविला. याच वंशाचा विस्तार उत्तरेस ऑरेगनमधील कूस उपसागरापर्यंत झाला, आणि तेथेंच १९४८ सालीं जो ब्रुक्स यानें २९ पौंड ६ औंसांचा बास माशीवर धरून विक्रम केला. खाऱ्या पाण्यांत माशी चालत नाहीं हा समज त्यामुळें मोडला. इकडे पूर्व किनाऱ्यावर ऱ्होड आयलंडच्या हॅरल्ड गिब्ज यानें बाससाठीं खास माशी बांधली होती. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस चेसापीकच्या काठीं लेफ्टी क्रे यानें ‘डिसीव्हर’ म्हणजे ‘ठकविणारी’ नांवाची माशी तयार केली. ती इतकी मान्यता पावली कीं १९९१ सालीं अमेरिकेच्या टपाल तिकिटावर झळकली.

परंतु कलेची ही भरभराट होत असतां मासाच संपत चालला होता. १९७० सालीं चेसापीकमध्यें पिलें अमाप झालीं. त्यांच्या जोरावर १९७३ सालीं व्यापारी मासेमारांनीं सुमारें १ कोटी ४७ लक्ष पौंड बास धरले. दहा वर्षांनीं, १९८३ सालीं, हा आंकडा १७ लक्षांवर आला. पाण्यांतील आम्लता व दूषित द्रव्यें यांवर पुष्कळ वाद झाला, आणि त्यांत तथ्यही होतें. पण उत्पत्ति ओसरली असतां लोकांनीं हात आंवरला नाहीं, हें मुख्य. सर्व संस्थानांचें मिळून एक सामायिक मंडळ १९४२ पासून होतें, तथापि त्याच्या हातीं सल्ल्यापलीकडे अधिकार नव्हता. १९८४ च्या कायद्यानें जें संस्थान सामायिक नियम पाळणार नाहीं तेथील बासची मासेमारीच बंद करण्याची तरतूद केली. मेरीलँडनें १९६५ सालीं ज्यास राज्यमत्स्य म्हणून गौरविलें होतें, त्यास धरण्याची १९८५ च्या पहिल्या दिवसापासून पूर्ण बंदी केली. ती पांच वर्षें टिकली. मासा वाढला, आणि १९९५ सालीं पूर्वस्थिति प्राप्त झाल्याचें जाहीर झालें. या सर्व काळांत हडसन नदींतील बास कारखान्यांच्या विषामुळें खाण्यास अयोग्य ठरून १९७६ पासून बाजाराबाहेर राहिले होते. विषानें त्यांस अभय दिलें म्हणावयाचें!

या विजयाची किंमत कोणीं दिली, हें इतिहासकारानें विचारलें पाहिजे. लाँग आयलंडच्या पूर्व भागांत पिढ्यान् पिढ्या किनाऱ्यावरून जाळें ओढून बास धरणारीं कुटुंबें होतीं. मालवण-वेंगुर्ल्याकडील आमच्या वाचकांस हा प्रकार समजावून सांगावयास नको, ती रापणच. होडीनें जाळ्याचा अर्धगोल टाकावयाचा आणि दोन्ही टोंकें वाळूवरून ओढावयाचीं. काठीवाल्या हौशी लोकांनीं या रापणकरांविरुद्ध मोहीम उघडली. १९८६ सालीं विषाच्या कारणावरून न्यूयॉर्कमध्यें विक्री बंद झाली. ती पुन्हा सुरू झाली तेव्हां रापणीस मात्र परवानगी मिळाली नाहीं. पीटर मॅथीसन यानें १९८६ च्या ‘मेन्स लाइव्ह्ज’ या ग्रंथांत त्या लोकांची हकीकत लिहून ठेविली आहे. ज्यास उपासाची सक्ती नाहीं त्यानें एकादशीचें माहात्म्य गावें, तसा कांहींसा हा प्रकार झाला. आमच्या किनाऱ्यावरही यांत्रिक पर्ससीन जाळ्यांपुढें रापणकर हटत आहे. तेथें प्रतिस्पर्धी धंदेवाईक आहे, येथें शौकीन होता, एवढाच फरक.

आणि शौकिनाचे हात तरी स्वच्छ आहेत काय? आज पूर्व किनाऱ्यावर जेवढे बास मनुष्याच्या हातून मरतात, त्यांतील बहुतेक वांटा हौशी मासेमारांचा आहे. धरून सोडून दिलेल्यांपैकीं शेंकडा नऊ मरतात असें मत्स्यशास्त्रज्ञ हिशेबांत धरतात, आणि सोडलेल्यांची संख्या प्रचंड असल्यानें हे नऊही थोडे होत नाहींत. एवढें मात्र खरें कीं उन्हाळ्याच्या कोमट पाण्यांत दमलेला मासा लवकर मरतो. नोव्हेंबरच्या गार पाण्यांत तो बहुधा जगतो. थंडींत कुडकुडणाऱ्या माशीवाल्याच्या बाजूनें सांगण्यासारखी हीच सर्वांत भक्कम गोष्ट आहे. त्यास ती ठाऊक असतेच असें नाहीं.

२०१९ सालीं बासची संख्या पुन्हा धोक्याच्या रेषेखालीं गेल्याचें ठरलें. २०२० पासून महासागराच्या किनाऱ्यावर हौशी लोकांनीं अठ्ठावीस ते पस्तीस इंचांचाच मासा ठेवावा असा नियम झाला. २०२३ सालीं वरची मर्यादा एकतीस इंचांवर आणली. २०१५ सालीं जन्मलेले, संख्येनें भरपूर असलेले मासे अंडीं घालण्यास वांचावे, हा त्यांतील हेतु. त्यांच्यामागून येणारी पिढी विरळ आहे. २०१९ पासून चेसापीकमध्यें वर्षामागून वर्ष पिलांची पैदास सरासरीच्या बरीच खालीं राहिली आहे. माँटॉकच्या खडकावर उभ्या असलेल्या मनुष्यास हें दिसत नाहीं. त्याच्यापुढून मोठे मासे अजून जातच आहेत.

तें दिसतें मेरीलँडच्या नद्यांत. तेथें १९५४ पासून दर उन्हाळ्यांत सरकारी माणसें पिलांची गणती करीत आली आहेत. जुलै, ऑगस्ट व सप्टेंबर या महिन्यांत ठराविक बावीस ठिकाणीं शंभर फुटांचें जाळें गुडघाभर पाण्यांतून फिरवून वाळूवर ओढतात. तेंही रापणच म्हणावयाचें, फक्त लहान. वर्षाच्या अशा १३२ ओढी होतात. प्रत्येक ओढींत सांपडलेलीं बोटभर लांबीचीं पट्टेरी पिलें मोजतात, आंकडा वहींत टिपतात, आणि पिलें परत पाण्यांत सोडून पुढच्या ठिकाणीं जातात.