जनुकांच्या गर्दीतून विषाणूचा शोध

रुग्णाचे रक्त, डासाचे शरीर किंवा नदीचे पाणी, अशा कोणत्याही नमुन्यात अनेक जीवांचा डीएनए मिसळलेला असतो. त्यातील सूक्ष्मजीव वेगवेगळे न वाढवता ही सारी सरमिसळ एकदम वाचण्याच्या शास्त्राला मेटाजीनोमिक्स म्हणतात. अडचण एवढीच, की रुग्णाच्या नमुन्यात बहुतांश डीएनए त्याचा स्वतःचाच असतो. विषाणूचा अंश अत्यल्प असल्याने वाचनाचा खर्च होतो आणि विषाणू मात्र निसटतो.

यावरील एक उपाय म्हणजे ‘प्रोब’, अर्थात विषाणूच्या ज्ञात जनुकक्रमाला पूरक असे कृत्रिम तुकडे. ते विषाणूच्या डीएनएला चिकटतात. त्यांना जोडलेल्या बायोटिनमुळे चुंबकीय मणी त्यांना धरून ठेवतात व उरलेला डीएनए धुऊन टाकता येतो. आरएनए विषाणूंची आधी डीएनए प्रत तयार करावी लागते.

मात्र विषाणू सतत बदलतात. प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र प्रोब बनवले, तर खर्च आवाक्याबाहेर जातो. प्रोब थोडाफार फरक खपवून घेतो. त्यामुळे एकच प्रोब अनेक प्रकारांना पुरू शकतो. मग कमीत कमी प्रोबमध्ये सर्व ज्ञात प्रकार कसे सामावावेत? गणितात हा प्रश्न ‘सेट कव्हर’ या नावाने परिचित आहे. त्याचे अचूक उत्तर काढणे फार वेळखाऊ ठरते. म्हणून संगणक प्रत्येक पायरीवर, न व्यापलेला सर्वाधिक भाग व्यापणारा प्रोब निवडत जातो.

अमेरिकेतील ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी याच तत्त्वावर ‘कॅच’ ही संगणकीय पद्धत विकसित केली. ती २०१९ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त प्रसिद्ध झाली. मानवाला बाधणाऱ्या ज्ञात ३५६ विषाणू प्रजातींसाठी तिने एकत्रित प्रोबसंच आखला. अशा संचांमुळे नमुन्यातील विषाणूंचा वाचनीय अंश सरासरी १८ पटींनी वाढला.

नायजेरियात २०१८ साली लासा तापाची मोठी साथ आली, तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणूचे जनुकसंच मिळवण्यासाठीही ही पद्धत उपयोगी पडली. विषाणू माणसाकडून माणसाकडे पसरू लागला आहे काय, ही त्या वेळची मोठी चिंता होती. साथीतील जनुकसंचांच्या विविध अभ्यासांतून दिसले, की तो मुख्यतः उंदरांकडूनच पुनःपुन्हा माणसांत येत होता. साहजिकच, उंदरांपासून बचाव हाच प्रतिबंधाचा गाभा राहिला.

या तंत्राला मर्यादाही आहे. ज्ञात क्रमांशी साम्य नसलेला विषाणू प्रोबच्या गळाला लागत नाही. त्यामुळे नव्या, अपरिचित रोगाचा माग काढताना सरसकट वाचनाला पर्याय नाही.