सडपातळ गिटार

जें काम सतारीच्या भोपळ्याचें, तेंच गिटारच्या पोकळ पोटाचें: तारेचा क्षीण कंप तेथें घुमून भरदार होतो. वाद्यवृंदाच्या गलबल्यांत हा नाद बुडूं लागला, तेव्हां वादकानें विजेची कास धरली. आणि निराळेंच संकट उभें राहिलें. कर्ण्यांतून निघालेला आवाज त्याच पोटांत परत शिरे, पुन्हां वाढे, आणि सभागृहांत कर्णकटु शीळ उठे. पोट उथळ केल्यास हा उपद्रव कमी होतो.

१९५५ सालीं अमेरिकेंतील गिब्सन कंपनीनें बिली बर्ड व हँक गार्लंड या वादकांच्या सूचनेवरून ‘बर्डलंड’ गिटार काढली. खोली अवघी सव्वादोन इंच. पण तिचें चुंबकी पिकअप पोलादी तारेचाच कंप टिपी. लांकडाचा गोडवा त्याला कोठून कळावा? दाबानें कांहीं स्फटिकांत वीज उपजते, हें जॅक व पिएर क्यूरी या बंधूंनीं १८८० सालींच दाखविलें होतें. तोच गुण असलेली पट्टी पुढें घोडीखालीं बसूं लागली. तेथें तारेबरोबर लांकडाचाहि कंप पोंचतो. जपानच्या यामाहा कंपनीनें १९८७ सालीं ‘एपीएक्स’ मालिकेंत उथळ पोट व असें पिकअप एकत्र आणलीं. वीज काढून घेतली कीं मात्र खर्ज दुबळा पडतो. रंगमंचावर हा सौदा पुष्कळांना परवडला. घरांत एकट्यानें वाजविणाराला तो महागच वाटतो.