काटेरी मुकुट आणि निवडुंग : नावांचा एक प्रवास

लांज्यातील पुष्कळ घरांच्या अंगणात, जांभ्याच्या गडग्यालगत, एक काटेरी झाड कुंडीत वाढवलेले दिसते. मुळे कुजू नयेत म्हणून पावसाळ्यात ती कुंडी पडवीत येते. कुणी त्याला 'युफोर्बिया' म्हणतात, कुणी 'काटेरी मुकुट'. साहित्याच्या अभ्यासकांनी या दुसऱ्या नावापाशी थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते.

हे झाड मूळचे मादागास्करचे. बूर्बाँ (आजचे रेयुनियाँ) बेटाचा गव्हर्नर बॅरन मिलियस याने ते १८२१ मध्ये फ्रान्समध्ये नेले आणि १८२६ मध्ये त्याच्याच नावावरून 'युफोर्बिया मिली' हे शास्त्रीय नाव रूढ झाले. काटे आणि रक्तवर्णी फुले पाहून युरोपने त्यात ख्रिस्ताच्या मस्तकावरील मुकुट पाहिला. शुभवर्तमानांत मात्र मुकुटाच्या झाडाचे नाव नाही. आणि लिनियसने १७५३ मध्ये 'ख्रिस्तकंटक' या अर्थाचे नाव दिले ते आपल्या बोरीच्या जातभाईला. थायलंडमध्ये मादागास्करच्या याच झाडाला 'पोय सियान', म्हणजे चिनी पुराणकथांतील आठ सिद्धपुरुष, म्हणतात आणि त्याची आठ फुले भाग्याची मानतात. झाड एकच, प्रत्येक संस्कृतीने त्यात आपली कथा वाचली.

मराठीत याच्या उलट घडले : झाडे दोन, नाव एक. संस्कृत वैद्यकातील स्नुही म्हणजे आपला जुना निवडुंग. तो युफोर्बियाच्याच कुळातला, तोडताच पांढरा चीक गाळणारा, शेताच्या वईला लावला जाणारा. पुढे अमेरिका खंडातून फड्या निवडुंग आला. त्याला असा चीक नाही, कुळही वेगळे. पण काट्यांच्या साम्यावरून मराठीने त्यालाही निवडुंगच म्हटले. पुण्याच्या नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाची मूर्ती निवडुंगाच्या रानात सापडल्याची आख्यायिका आहे. ती ऐकताना आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फड्याच उभा राहतो. नाव जुन्याचे राहिले, चित्र नव्याने व्यापले.

कवितेत निवडुंग आला की 'रुक्षता, एकाकीपणा' असे लिहून आपण मोकळे होतो. उत्तरपत्रिकांत तेच वाचतो आणि गुणही देतो. परंतु हा अर्थ बहुतांशी वाळवंटी कॅक्टसचा आहे. चिकाचा निवडुंग औषधी आणि विषारीही. तो ओसाडीपेक्षा वस्तीची राखण करणारा. जुन्या मजकुरातला निवडुंग यांपैकी कोणता, हे आधी विचारावे. प्रतीकाचा अर्थ त्यानंतर लावावा.